न लागलेल्या घराचा हिशेब

विरार पश्चिमेला बोळींजमध्ये म्हाडाच्या कोकण मंडळाने हजारो घरांची वसाहत उभी केली. म्हाडाची घरं म्हटली की अर्जांची झुंबड ठरलेली असते. २०२४ साली मुंबई मंडळाच्या २०३० घरांसाठी लाखाच्या वर अर्ज आले होते. बोळींजला मात्र उलटंच झालं. सोडती निघाल्या, लोकांना घरं लागली आणि ज्यांना लागली त्यांच्यापैकी अनेकांनी पाण्याची टंचाई, किंमत आणि अंतर यांचा विचार करून ती परत केली. हजारो घरं वर्षानुवर्षं पडून राहिली. शेवटी मंडळाने 'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' अशी हाळी देऊन ती विकायला काढली.

म्हाडाच्या दृष्टीने हे डोकेदुखीचं प्रकरण असेल. पण एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या पातळीवर सूक्ष्म अर्थमिती शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्यात जवळजवळ अख्खं सत्र सापडेल. सूक्ष्म अर्थमिती म्हणजे माणसं, कुटुंबं, दुकानं, शाळा यांच्या पातळीवरच्या आकडेवारीतून अर्थशास्त्रीय प्रश्नांची उत्तरं काढण्याचं शास्त्र. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या शास्त्राचा सगळा भर एका प्रश्नावर आला आहे: अमुक गोष्टीमुळे तमुक झालं, हे सांगायचं कशाच्या जोरावर? २०१९ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना आणि २०२१ साली डेव्हिड कार्ड, जोशुआ अँग्रिस्ट आणि गिडो इम्बेन्स यांना मिळालेली अर्थशास्त्राची नोबेल पारितोषिकं या कार्यकारणाच्या शोधाशीच जोडलेली होती.

प्रश्न साधा घेऊ. स्वस्तात स्वतःचं घर मिळालं, तर कुटुंबाची स्थिती सुधारते का?

पहिला मोह असा होतो की बोळींजच्या इमारतींत राहणारी कुटुंबं घ्यावीत, नालासोपारा पूर्वेच्या चाळींत भाड्याने राहणारी कुटुंबं घ्यावीत आणि मुलांचं शिक्षण, बायकांच्या नोकऱ्या, बचत असं सगळं शेजारी शेजारी मांडावं. बोळींजवाले पुढे निघतील, यात फारशी शंका नाही. पण ते घरामुळे पुढे आहेत का? ज्याने म्हाडाचं घर घेतलं त्याच्याकडे अनामत भरायला पैसे होते, बँक कर्ज देईल अशी पगाराची पावती होती, ऑनलाइन अर्ज धडपणे भरण्याइतकी चिकाटी होती. ही सगळी पुंजी घराच्या आधीची. घर लागलं नसतं तरी हे कुटुंब चाळीतल्या शेजाऱ्याच्या पुढेच राहिलं असतं. तुलनेत मिसळलेल्या या आधीच्या फरकाला 'निवडीचा दोष' म्हणतात, आणि वर्तमानपत्रांतल्या 'अमुक करणाऱ्यांची मुलं हुशार निघतात' छापाच्या निम्म्या बातम्या त्याच्यावरच पोसलेल्या असतात.

मग योग्य तुलना कोणाशी? त्याच कुटुंबाशी, घर न लागलेल्या स्थितीत. प्रत्येक कुटुंबाची दोन संभाव्य आयुष्यं आहेत असं समजायचं: एक घर लागल्यावरचं, एक न लागल्यावरचं. दोन्हींतला फरक म्हणजे घराचा परिणाम. अडचण एवढीच की दोन्हींपैकी एकच घडतं, दुसरं कोणालाच कधी दिसत नाही. येर्झी नेमान या पोलिश संख्याशास्त्रज्ञाने १९२३ साली शेतीच्या प्रयोगांसाठी ही मांडणी केली, डोनाल्ड रुबिन यांनी १९७४ मध्ये ती पुढे नेली आणि पॉल हॉलंड यांनी १९८६ मध्ये या न दिसणाऱ्या अर्ध्या बाजूला कार्यकारणाच्या अनुमानातली मूलभूत समस्या म्हटलं. पुढे विद्यार्थी जी काही सूत्रं शिकतो ती सगळी त्या न घडलेल्या आयुष्याच्या जागी प्रामाणिकपणे काय उभं करता येईल, याच्याच वेगवेगळ्या युक्त्या आहेत.

सोडत ही त्यातली सर्वांत स्वच्छ युक्ती. संगणकाला अर्जदाराच्या पोराची हुशारी कळत नाही आणि बापाची चिकाटीही कळत नाही. एकाच योजनेच्या, एकाच गटातल्या अर्जदारांमधून नावं निघाली की लागलेले आणि न लागलेले यांच्यात सरासरीने काहीच फरक उरत नाही, फक्त नशिबाचा उरतो. म्हणून न लागलेले अर्जदार हेच विजेत्यांच्या न घडलेल्या आयुष्याचे प्रतिनिधी. 'एकाच गटातल्या' हे शब्द मात्र डोळ्यांआड करून चालत नाहीत. म्हाडाच्या सोडतीत अत्यल्प, अल्प, मध्यम, उच्च असे उत्पन्नगट असतात, शिवाय अनुसूचित जाती-जमाती, माजी सैनिक, पत्रकार, कलाकार असे आरक्षित प्रवर्ग असतात आणि प्रत्येक ठिकाणी घरं किती, अर्ज किती हे प्रमाण वेगळं. ज्या प्रवर्गात अर्ज कमी तिथे नशीब स्वस्त. सगळे विजेते एका पिशवीत आणि सगळे पराभूत दुसरीत टाकले, तर सोडतीने दिलेली स्वच्छता आपणच घालवली असं होईल.

असा अभ्यास झालेला आहे. तनु कुमार या राज्यशास्त्रज्ञ संशोधिकेने मुंबई मंडळाच्या २०१२ आणि २०१४ च्या सोडतींतले विजेते आणि न लागलेले अर्जदार काही वर्षांनी गाठले. विजेत्यांच्या कुटुंबांत शिक्षण आणि रोजगार यांची स्थिती चांगली आढळली. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे स्थानिक राजकारणातला त्यांचा सहभागही वाढलेला दिसला. माणूस मालक झाला की त्याला नगरसेवकाचा नंबर लागतो, असं आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीचा सेक्रेटरी सांगेल. पण सेक्रेटरीच्या सांगण्यात आणि या निष्कर्षात मोठं अंतर आहे, कारण मुळातच उचापतखोर माणसंच घरं घेतात ही शंका सोडतीने मिटवलेली असते.

आता दुसरा अभ्यास ऐका. अहमदाबादमध्ये झोपडवस्तीतल्या कुटुंबांसाठी शहराच्या बाहेरच्या कडेला घरं बांधली गेली आणि ती सोडतीने दिली गेली. शॅरन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी चौदा वर्षांनी दोन्ही गट शोधून काढले. विजेत्यांची घरं चांगली होती, पण कुटुंबाच्या उत्पन्नात फरक नाही आणि मुलांच्या प्रगतीतही नाही. उलट नात्यागोत्यापासून ती तुटली होती आणि अडीअडचणीला हात द्यायला माणसं कमी उरली होती. ३४ टक्के विजेते त्या घरांत राहायला गेलेच नव्हते आणि आणखी ३२ टक्के जाऊन परत आले होते.

एकाच तऱ्हेच्या प्रयोगाची दोन शहरांत दोन उत्तरं. बोळींज यांपैकी कोणासारखं? माझ्या मते अहमदाबादच्या जवळचं. मुंबईतल्या घराची बाजारातली किंमत इतकी, की ते नुसतं नावावर असणं हीसुद्धा मालमत्ता. राहायला गेलं नाही तरी भाडं येतं. गावाबाहेरच्या घराचा फायदा मात्र बहुतांशी तिथे राहिल्यावरच मिळतो, आणि राहायचं तर पाण्याच्या टँकरपासून सकाळच्या विरार फास्टपर्यंत सगळं सोसायची तयारी लागायची.

इथेच बोळींजच्या परत केलेल्या घरांचा धडा सुरू होतो. घर लागणं आणि घरात राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लागणं नशिबावर, राहणं मर्जीवर. ज्यांनी देकारपत्र परत केलं ते वगळून फक्त राहायला गेलेले विजेते मोजले, तर निवडीचा दोष मागच्या दाराने पुन्हा आत येतो, कारण राहायला कोण गेलं हे सोडतीने ठरवलेलं नाही. म्हणून पहिला नियम असा: ज्यांना लागलं ते सगळे एका बाजूला, राहोत वा न राहोत, ज्यांना लागलं नाही ते सगळे दुसऱ्या बाजूला.

समजा, हे निव्वळ उदाहरणासाठीचे आकडे आहेत, विजेत्या कुटुंबांतली ६८ टक्के मुलं बारावी पास झाली आणि न लागलेल्या कुटुंबांतली ६४ टक्के. फरक ४ टक्क्यांचा. हा सोडत लागण्याचा परिणाम. पण विजेत्यांतले ४५ टक्केच तिथे राहायला गेले. आणि न लागलेल्यांतलेही ५ टक्के नंतर तिथे पोचले, कारण 'प्रथम येणाऱ्यास' सुरू झाल्यावर त्यांनी थेट जाऊन घर घेतलं. म्हणजे सोडतीमुळे राहणाऱ्यांच्या प्रमाणात पडलेला फरक ४० टक्क्यांचा. ४ ला ०.४० ने भागलं की १० येतात. तिथे राहण्यामुळे बारावी पास होणाऱ्यांच्या प्रमाणात १० टक्क्यांची भर पडली, असं हे गणित म्हणतं.

पण कोणाच्या बाबतीत? इम्बेन्स आणि अँग्रिस्ट यांचा १९९४ सालचा प्रसिद्ध शोधनिबंध या प्रश्नाचं उत्तर देतो. तो १० चा आकडा सगळ्यांचा नाही. ज्यांना घर लागलं म्हणूनच जे तिथे गेले आणि लागलं नसतं तर गेले नसते, फक्त त्यांचा तो आहे. पाणी नाही म्हणून परत फिरलेल्यांबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. सोडत लागो न लागो, बोळींजला जाणारच होते त्यांच्याबद्दलही नाही. गंमत अशी की आपण ज्यांच्याबद्दल बोलतो आहोत ती माणसं यादीतून बोट ठेवून दाखवता येत नाहीत. तिथे राहणाऱ्या एखाद्या विजेत्याने, लागलं नसतं तर काय केलं असतं, हे आपल्याला दिसत नाही. सरासरी मात्र काढता येते. हा भाग पहिल्यांदा शिकताना बहुतेकांची दांडी गुल होते.

शिवाय या भागाकाराला अटी आहेत. त्यातली एक अशी की सोडत लागण्याचा परिणाम फक्त तिथे राहण्याच्या वाटेनेच झाला पाहिजे. विजेत्याने घर भाड्याने दिलं, स्वतः नालासोपाऱ्यातच राहिला आणि त्या भाड्यातून पोराला क्लास लावला, तर अट मोडली. मग १० चा आकडा 'राहण्याचा परिणाम' राहत नाही. ही अट मोडली की नाही, हे कुठलंही सूत्र सांगत नाही. ते बोळींजच्या इस्टेट एजंटला विचारून कळतं. मला या शास्त्रातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं: सूत्राचा जीव शेवटी स्थानिक माहितीत असतो.

वसई-विरारकरांना दुसरी एक सोडत तितकीच परिचयाची आहे, वॉर्डांच्या आरक्षणाची. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. तेव्हापासून निवडणूक आली की चिठ्ठ्या निघतात आणि कोणाचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला म्हणून घराघरांत चर्चा सुरू होते. 'नावाला बायको, कारभार नवऱ्याचा' हे शेरेही ठरलेले. आरक्षण उठलं की सगळं पूर्ववत होणार, असा त्या शेऱ्यांचा गर्भितार्थ असतो. तो तपासता येतो, आणि मुंबईच्या बाबतीत तपासलाही गेला.

रिखिल भवनानी यांनी बृहन्मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका घेतल्या. १९९७ मध्ये चिठ्ठीने काही वॉर्ड महिलांसाठी राखीव झाले. २००२ मध्ये त्यातले अनेक खुले झाले. आता २००२ मध्ये खुल्या असलेल्या वॉर्डांतच दोन प्रकार पडतात: आधी राखीव असलेले आणि आधीही खुलेच असलेले. कोणता वॉर्ड कुठल्या प्रकारात, हे नशिबाने ठरलेलं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळलं की आधी राखीव असलेल्या वॉर्डांत, आरक्षण उठल्यावरही, स्त्री निवडून येण्याची शक्यता दुसऱ्या प्रकाराच्या सुमारे पाचपट होती. आरक्षणाने निवडणूक लढवू शकणाऱ्या बायका तयार केल्या होत्या आणि बाई निवडून येऊ शकते हे पक्षांच्या पुढाऱ्यांनाही शिकवलं होतं.

हाच अभ्यास वसई-विरारसाठी तसाच्या तसा करता येईल का? करून बघायला हवा, पण सोपा नाही. महिला आरक्षण ५० टक्क्यांवर गेलं. २०१५ नंतरची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली, मध्ये कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार होता. आणि ही निवडणूक बहुसदस्यीय प्रभागांची. जुन्या एकसदस्यीय वॉर्डाच्या हद्दी नव्या प्रभागात विरघळून गेल्या. मागच्या वेळी राखीव असलेला वॉर्ड आता कुठे आहे, हेच आधी नकाशावर शोधावं लागेल.

सोडत नसते तेव्हा काय? बहुतेक वेळा ती नसतेच. एप्रिल २०१३ मध्ये विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाली. त्याआधी शटल आणि मेमू गाड्या होत्या. लोकलने सफाळे, पालघर, बोईसरच्या जागांचे भाव वाढवले का? नुसतं आधीचं आणि नंतरचं बघून चालत नाही, कारण त्या काळात भाव सगळीकडेच हलत होते. म्हणून एक असा पट्टा घ्यायचा जिथे लोकल गेली नाही. तिथे भाव किती वाढले ते पाहायचं आणि इथल्या वाढीतून ते वजा करायचं. याला फरकांतला फरक म्हणतात. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी १९९४ मध्ये न्यू जर्सीतलं किमान वेतन वाढल्यावर शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी अशीच तुलना केली आणि किमान वेतन वाढलं की नोकऱ्या जातात या सर्वमान्य समजुतीला हादरा दिला.

या वजाबाकीमागचं गृहीत असं की लोकल आली नसती तर दोन्ही पट्ट्यांतले भाव समांतर चालले असते. पालघरच्या बाबतीत या गृहीतावर दोन बाजूंनी पाणी पडतं. एक, लोकल येणार ही कुणकुण गाडीच्या कितीतरी आधी लागलेली असते आणि जमिनीचे दलाल वेळापत्रकाची वाट बघत नाहीत. दोन, लोकलनंतर सव्वा वर्षाने, १ ऑगस्ट २०१४ रोजी, ठाणे जिल्हा फोडून पालघर हा वेगळा जिल्हा झाला. पालघर शहर जिल्ह्याचं ठिकाण बनलं. २०१५ मधल्या भाववाढीतला किती वाटा लोकलचा आणि किती कलेक्टर कचेरीचा? तुलनेसाठी रेल्वेमार्गावरच पुढे असलेलं उंबरगाव घ्यावं, तर ते गुजरातेत, म्हणजे मुद्रांक शुल्कापासून जमिनीच्या कायद्यापर्यंत सगळं निराळं. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण झालेलं पालघर बाजूला ठेवून वाणगाव, केळवे रोड, सफाळे यांच्या आधी-नंतरच्या फरकातून लोकल न गेलेल्या पट्ट्यातला फरक वजा करणं. आणि भाव कुठून घ्यायचे? रेडी रेकनरचा दर सरकार ठरवतं, तो बाजारभाव नव्हे. खरेदीखतात लिहिलेली रक्कम आणि प्रत्यक्षात हातात पडलेली रक्कम यांचं नातं तर सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यात आणखी एक मेख आहे, आणि पदव्युत्तर वर्गात तिच्यावर बराच वेळ जातो. समजा दहा हजार खरेदीखतं गोळा केली. आकडा भरपूर वाटतो. पण लोकल दहा हजार ठिकाणी आली नाही, ती वैतरणा ते डहाणू रोड या आठ स्टेशनांवर आली. एका स्टेशनाभोवतीचे भाव एकत्रच वरखाली होतात, त्यामुळे खरा पुरावा दहा हजारांचा नसून आठांच्या आसपासचा. हे विसरलं की संगणक भलत्याच आत्मविश्वासाने 'परिणाम सिद्ध' म्हणून मोकळा होतो. मरियान बर्ट्रांड, डुफ्लो आणि सेंथिल मुल्लैनाथन यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रियांच्या वेतनाच्या आकड्यांवर मुद्दाम खोटे, कधीच न झालेले कायदे लावून पाहिले. रूढ पद्धतीने गणित केल्यावर त्या खोट्या कायद्यांपैकी ४५ टक्क्यांपर्यंत कायद्यांचा 'परिणाम' दिसला. यायला हवा होता तो ५ टक्के.

उंबरठ्याच्या पद्धतीबद्दल थोडक्यात. एखादी सवलत ठरावीक आकड्याला तुटत असेल, तर आकड्याच्या किंचित अलीकडचे आणि किंचित पलीकडचे लोक जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे त्यांची तुलना सोडतीसारखी चालते. शिष्यवृत्त्यांवर ही युक्ती १९६० पासून वापरली गेली. म्हाडाच्या उत्पन्नगटांना ती लावावी असं कोणाच्याही मनात येईल: मुंबई महानगर प्रदेशात अत्यल्प गटाची मर्यादा वार्षिक ६ लाख आहे, मग ५ लाख ९५ हजारवाले आणि ६ लाख ५ हजारवाले शेजारी उभे करू. पण उत्पन्नाचे दाखले एका आलेखावर मांडून बघा. सहा लाखांच्या अगदी खाली गर्दी आणि वर शुकशुकाट दिसला तर समजायचं की लोकांनी उंबरठा ओळखून दाखला काढला आहे. मग दोन बाजूंची माणसं सारखी राहिली नाहीत. एका बाजूला कागद जमवण्यात तरबेज मंडळी गोळा झाली. जस्टिन मॅकक्रेरी यांनी २००८ मध्ये या गर्दीची रीतसर चाचणी दिली. आपल्याकडच्या माणसाला ती चाचणी लावण्याआधीच निकालाचा अंदाज येतो.

आणखी एक युक्ती साधनचलाची: कारणाला हलवणारी, पण परिणामाला फक्त त्या कारणाच्या वाटेनेच भिडणारी बाहेरची गोष्ट शोधायची. तिची गोष्ट पाण्याची आहे. वसई-विरारच्या नळाला येणारं बरंचसं पाणी सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं, जिल्ह्याच्या डोंगराळ आदिवासी पट्ट्यातलं. धरणाने कोणाचं भलं होतं हा प्रश्न महाराष्ट्रात जुना. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध केला आणि कालव्याखालच्या शेतीची बिनकालव्याच्या शेतीशी तुलना केली. त्या काळाच्या मानाने हे फार पुढचं पाऊल होतं. पण कालवा वाटेल तिथे जात नाही. जिथे जमीन चांगली, जिथे राजकीय वजन, तिथे तो जातो, आणि अशी गावं कालव्याशिवायही पुढे गेली असती. डुफ्लो आणि रोहिणी पांडे यांनी २००७ मध्ये भारतातल्या धरणांसाठी वाट काढली: नदीच्या पात्राचा उतार. धरण बांधायला काही उतार सोयीचे असतात, काही नसतात, आणि नदीचा उतार काही मंत्र्याच्या सांगण्यावरून ठरत नाही. उतारामुळे जिथे धरणं जास्त झाली तिथलं आणि इतरत्रचं त्यांनी पाहिलं. धरणाच्या खालच्या अंगाच्या जिल्ह्यांत उत्पादन वाढलं आणि गरिबी घटली. ज्या जिल्ह्यात धरण बांधलं तिथे मात्र गरिबी वाढली.

सूर्याच्या बाबतीत धरण आणि पाणी पिणारं शहर एकाच जिल्ह्यात आहेत. जिल्ह्याची सरासरी काढली तर धामणीच्या विस्थापितांचं नुकसान आणि विरारच्या नळाचा फायदा एकमेकांत मिसळून शून्याच्या आसपास येतील. हिशेब तालुक्याने किंवा गावाने केला तरच तो दिसेल.

विरारहून हे शिकायला जाणाऱ्यांना पश्चिम रेल्वेच्या कडेलाच बऱ्यापैकी सोय आहे: मुंबई विद्यापीठाचा कलिन्यातला अर्थशास्त्र विभाग, आणि गोरेगावची, रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था. वूलड्रिज आणि कॅमरॉन-त्रिवेदी यांचे जाडजूड ग्रंथ, अँग्रिस्ट-पिश्के यांचं २००९ चं आटोपशीर पुस्तक, संगणकावर 'स्टाटा' किंवा 'आर', एवढी सामग्री. देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची कुटुंबनिहाय आकडेवारी अभ्यासकांना मिळते. एक सावधगिरी: गोपनीयतेसाठी त्यातली शहरी ठिकाणं नकाशावर २ किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकवलेली असतात. नालासोपाऱ्यात दोन किलोमीटर म्हणजे फाटक ओलांडून पूर्वेचं पश्चिम झालं. पूर्व-पश्चिमेची तुलना त्या आकड्यांवर करू नये.

आणि ज्याला वाटतं की हे सगळं परदेशी नियतकालिकांसाठी आहे, त्याने दादरचा अभ्यास वाचावा. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरमधल्या सुमारे ४९०० मराठी कुटुंबांची पाहणी करून, १९८२ ते २००१ या काळात पहिलीत गेलेल्या मुलामुलींना मराठी माध्यमात घातलं की इंग्रजी, हे तपासलं. २००६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्वदीत इंग्रजी येणाऱ्याचं उत्पन्न झपाट्याने वाढलं, तरी श्रमिक जातींतले मुलगे मोठ्या प्रमाणात मराठी माध्यमातच जात राहिले, कारण जातभाईंच्या ओळखीने गिरणी-कारखान्यात, गोदीत चिकटण्याची वाट त्यांच्यासाठी तयार होती. त्याच घरांतल्या मुलींना अशी कुठलीच वाट नव्हती. म्हणून त्या इंग्रजीकडे वळल्या आणि वरच्या जातींच्या मुलींशी असलेलं अंतर त्यांनी भावांपेक्षा लवकर कमी केलं. ज्या ओळखीपाळखीने बापाला सावरलं तिनेच मुलाला अडवून धरलं, हे त्यात आकड्यांनी दिसतं.

या निष्कर्षाला वसई-विरारकराने एक प्रश्न विचारायला हवा. पाहणी दादरच्या शाळांतून आणि दादरच्या कुटुंबांतून सुरू होते. १९८२ च्या गिरणी संपानंतर दादर-परळची खोली विकून जी कुटुंबं नालासोपारा-विरारला आली आणि ज्यांची मुलं पहिलीतच इथल्या शाळेत गेली, ती त्या नमुन्यात बसत नाहीत. ज्यांची गिरणीतली ओळख संपात मोडली तेच जास्त बाहेर पडले असतील, तर मागे उरलेल्यांत ती ओळख होती त्याहून भक्कम भासेल. नेमकं उलटंही शक्य आहे: खोलीला चांगला भाव आलेले, नवं काही करू पाहणारेच आधी निघाले असतील. दोन्हींतलं कोणतं खरं, हे तपासायला लागणारी सामग्री तालुक्यातल्या जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरांत आहे. त्यात मातृभाषा, जात, जन्मस्थळ आणि आधीची शाळा यांचे रकाने असतात. माध्यम तर शाळेवरूनच कळतं. ती रजिस्टरं संगणकावर उतरवली की जन्मस्थळ मुंबई आणि पहिला दाखला विरारचा अशी मुलं वेगळी काढता येतील, आणि भाऊ-बहिणीच्या जोड्याही लावता येतील.